रस्त्यालाही मोड असते!

आमच्या घराला चार पायऱ्या होत्या. आजोबांनी १९३४ साली हे घर बांधले, तेव्हा पुढच्या दाराशी काळ्या दगडाच्या, सहा-सहा इंच उंचीच्या चार पायऱ्या त्यांनी हौसेने घडवून घेतल्या. पहिल्या पायरीवर दूधवाला किटली टेकवी. दुसरीवर बसून आजी भाजीवालीशी घासाघीस करी. तिसरीवर आम्ही मुले अभ्यासाच्या नावाखाली गप्पा छाटत असू. आणि चौथी, उंबऱ्याला लागून असलेली, दिवाळीतल्या रांगोळीसाठी राखीव होती. आज मी सत्तरी ओलांडली आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या चारांपैकी एकच पायरी रस्त्याच्या वर शिल्लक होती. उरलेल्या तीन कुणी चोरून नेल्या नाहीत. त्या जागच्या जागीच होत्या. रस्त्याने त्या गिळल्या होत्या.

या चोरीतला एक आरोपी मी स्वतः आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. सारी नोकरी मी रस्त्यांच्या कामावर काढली. १९७४ साली कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि २०१० साली निवृत्त झालो. छत्तीस वर्षांत किती मैल रस्ते केले याचा हिशेब ठेवला नाही, पण एका गल्लीचा हिशेब मात्र आईने माझ्यासाठी ठेवला होता. १९८६ साली आमच्याच गल्लीचे डांबरीकरण माझ्या देखरेखीखाली आले. दोन दिवस रोलर फिरला, रस्ता कसा आरशासारखा झाला. संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत घरी आलो. आई दारात उभी होती. रस्त्याकडे न पाहता ती पायरीकडे पाहत होती. दुसरी पायरी त्या दिवशी निम्मी झाली होती.

“अरे, एवढा इंजिनीअर झालास,” ती म्हणाली, “रस्ता वर चढवता येतो, तो खाली उतरवता येत नाही का रे?”

“अगं आई, तशी पद्धतच नसते,” मी म्हणालो आणि हात धुवायला मोरीत गेलो. त्या वेळी ते उत्तर मला पुरेसे वाटले होते.

तीन पायऱ्यांचा हिशेब

हिशेब अगदी सोपा आहे. रस्ता खराब झाला की जुन्या थरावर नवा थर अंथरायचा, ही आपली वर्षानुवर्षांची रीत. खाली खड्डे बुजवायचे, त्यावर जाड थर, वर कार्पेट, त्यावर सीलकोट. एका खेपेला रस्ता साधारण पाच-सहा सेंटिमीटर उचलला जातो. पाच-सहा वर्षांनी पुन्हा तेच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आठ वेळा हा सोहळा झाला की रस्ता पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट वर येतो. सहा इंचाच्या तीन पायऱ्या गेल्या कुठे, हे आता निराळे सांगायला नको.

पायरी गेली एवढेच असते तर त्यावर लेख लिहायचे कारण नव्हते. रस्ता वर आला की घर खाली जाते, आणि पाण्याला फक्त खाली जाणे ठाऊक असते. २००५ सालच्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या माजघरात गुडघाभर पाणी शिरले. आजोबांची पुस्तके, आईची लुगड्यांची पेटी, वडिलांच्या हातची कुंडल्यांची वही सगळे भिजून लगदा झाले. आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. ती मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

ज्यांची घरे जुन्या वस्तीत आहेत त्यांना हे नवे नाही. रस्त्याकडेच्या दुकानात शिरताना आज आपण दोन पायऱ्या उतरतो. देवळाचा सभामंडप रस्त्याच्या खाली गेलेला असतो. गटाराची झाकणे विहिरीच्या तोंडासारखी खोल जातात आणि मग तीही उचलून वर बसवावी लागतात. हे सारे आपण इतके अंगवळणी पाडून घेतले आहे की रस्ता वाढतो हे आपल्याला झाड वाढण्याइतके नैसर्गिक वाटते.

एक चढतो, एक उतरतो

रस्ता वर चढतो, तेव्हा दुसरे काहीतरी खाली उतरत असते. ते म्हणजे डोंगर. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. थरावर थर साचून तो डोंगर झाला. तोच आपण सुरुंग लावून फोडतो, क्रशरमध्ये घालतो, खडी करतो आणि पुन्हा थरावर थर देत गल्लीबोळांत अंथरतो. शहराबाहेर पडताना वाटेत अर्धी कापलेली टेकडी दिसली की समजावे, तिची उरलेली अर्धी आपल्या दारासमोर पडली आहे.

आकडे पाहू. एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद रस्त्यावर पाच सेंटिमीटरचा एकच डांबरी थर द्यायचा म्हटला तर ३५० घनमीटर माल लागतो. वजन आठशे टनांच्या आसपास. दहा टनी डंपरच्या ऐंशी फेऱ्या. यात डांबर किती? शेकडा पाच धरा, म्हणजे चाळीस टन. बाकीचे ७६० टन म्हणजे निव्वळ दगड, ग्रिट आणि कच. डांबर हा खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा भाग. ते तेल आपण मुख्यतः परदेशातून विकत आणतो. दगड आपला, पण तो पुन्हा उगवत नाही. एका किलोमीटरच्या एका थराचा हा हिशेब. शहरात असे किती किलोमीटर आणि किती थर, याचा गुणाकार वाचकांनीच करावा.

आता उलटी बाजू. रस्ता उखडतो, पदपथ बदलतो, नळासाठी खोदतो, तेव्हा जे निघते त्याला आपल्याकडे एकच नाव आहे: राडारोडा. हा शब्दच असा आहे की तो ऐकला की फेकावेसे वाटते. डांबराची ढेकळे, चांगली धुतलेली खडी, शहाबादी फरशी, पेव्हर ब्लॉक, गटाराचे काँक्रीट आणि माती, सगळे एकाच डंपरात एकमेकांच्या अंगावर पडते आणि रात्रीच्या अंधारात कुठल्याशा ओढ्याच्या काठावर नाहीतर नदीपात्रात रिते होते. दिवसा आपण डोंगर फोडून खडी आणायची आणि रात्री तीच खडी ओढ्यात टाकून ओढा बुजवायचा. पुढे पावसाळ्यात ओढ्याचे पाणी घरात शिरले की निसर्ग कोपला म्हणायला आपण मोकळे.

मोड म्हणजे काय?

आमच्या आईच्या पिढीला हा उधळेपणा समजलाच नसता. तिच्या घरात वस्तू संपत नसे, तिचे दुसरे काहीतरी होई. लुगडे विरले की त्याची गोधडी. गोधडी फाटली की पायपुसणे. पितळेचे पातेले चेपले, भोक पडले, तर ते कासाराकडे जाई. कासार ते तराजूत टाकी, मोड म्हणून त्याची किंमत नव्या पातेल्याच्या किमतीतून वजा करी आणि वरचे पैसे घेई. सोन्याचेही तसेच. सासूबाईंची जुनी पुतळ्यांची माळ मोडून सुनेचे गोठ घडत. घट धरली जाई, घडणावळ द्यावी लागे, पण सोने सोनेच राही. सोनार काही जुना दागिना नदीत टाकून ये, असे सांगत नसे.

रस्त्यालाही अशी मोड असते, हे मला नोकरीची निम्मी वर्षे उलटल्यावर उमगले. जुना डांबरी थर म्हणजे काय? ९५ टक्के दगड, जो वीस वर्षांत झिजला असेल पण कुजलेला नसतो. आणि पाच टक्के डांबर, जे मेलेले नसते, म्हातारे झालेले असते. ऊन आणि हवा लागून डांबरातले हलके अंश उडून जातात, ते कडक होते, ठिसूळ होते. आम्ही प्रयोगशाळेत याची परीक्षा सुईने घेत असू. २५ अंश तापमानाला १०० ग्रॅम भाराखाली सुई पाच सेंकदांत डांबरात किती खुपते, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचे. नव्या ‘ऐंशी-शंभर’ डांबरात सुई लोण्यात शिरावी तशी आठ-दहा मिलिमीटर जाई. जुन्या रस्त्यातून काढलेल्या डांबरात ती दोन-तीन मिलिमीटरवरच अडखळे. पण याच म्हाताऱ्या डांबरात थोडे मऊ, नवे डांबर किंवा त्यासाठीच मिळणारे विशिष्ट तेल मिसळले, तर ते पुन्हा कामाचे होते. आजकाल सुईऐवजी चिकटपणावरून डांबराची प्रत ठरते आणि ‘व्हीजी-३०’ अशी नावे आली आहेत. तत्त्व तेच आहे.

आईने विचारलेला प्रश्नही इथेच सुटतो. रस्ता खाली उतरवणारे यंत्र आहे! मिलिंग मशीन त्याचे नाव. पोटाखाली फिरणारा एक मोठा रूळ, त्यावर कठीण धातूचे शेकडो दात. ते रस्त्याचा वरचा थर हवा तेवढाच, सेंटिमीटर मोजून, खरवडते. खरवडलेला चुरा पट्ट्यावरून थेट पुढे चालणाऱ्या डंपरात पडतो. जेवढा थर काढला तेवढाच नवा घातला की रस्त्याची पातळी होती तिथेच राहते आणि पायरी वाचते. आणि जो चुरा निघाला ती मोड. तो आच्छादनाखाली कोरडा साठवायचा, चाळायचा आणि हॉटमिक्स प्लांटमध्ये नव्या खडीबरोबर ठरावीक प्रमाणात मिसळायचा. मात्र तो थेट ज्वाळेवर धरायचा नाही, नाहीतर डांबर जळते आणि निळा धूर निघतो. नवी खडी जास्त तापवायची आणि तिच्या उष्णतेने चुरा वितळू द्यायचा. आमटीला वरून फोडणी देतात तसे.

वर आठशे टनांचा हिशेब मांडला, त्यात तीस टक्के चुरा वापरला असे धरू. २४० टन माल डोंगरातून आणि रिफायनरीतून आणावा लागणार नाही. त्यात जवळजवळ बारा टन डांबर. एका किलोमीटरच्या एका थरात! ही रक्कम कुठल्याही नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याला झोपेतून उठवायला पुरेशी आहे.

हे काही स्वप्नरंजन नव्हे. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि डांबराचे भाव भडकले, तेव्हा अमेरिकेने जुने रस्ते खरवडून पुन्हा वापरायला जोमाने सुरुवात केली. तिथे आज तो नित्याचा व्यवहार आहे. जपानने २००० साली बांधकामाच्या मालाच्या पुनर्वापराचा कायदाच केला. तिथल्या सरकारच्या २०१८ सालच्या पाहणीत डांबरी आणि काँक्रीटच्या ढेकळांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माल पुन्हा वापरात आलेला दिसला. जपान्यांना डोंगर नाहीत असे नाही. आपल्यापेक्षा जास्तच आहेत. ते डोंगराला जपतात, एवढाच फरक.

आमच्या गल्लीची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी आमची गल्ली काँक्रीटची करायचे ठरले. लांबी १८० मीटर, रुंदी पाच. बातमी कळली तेव्हा मला आनंदाआधी धडकी भरली. आहे त्या रस्त्यावर काँक्रीटचे आणखी एक फुटाचे जोते चढले असते तर शेवटची पायरी गेलीच असती, वर उंबराही गेला असता. मी गल्लीतल्या चार घरांतली ज्येष्ठ मंडळी गोळा केली, हाताने काढलेला एक नकाशा घेतला आणि कामावरच्या तरुण अभियंत्याला जाऊन भेटलो.

“काका, उकरायचे तर किती उकरायचे?” त्याने विचारले.

“पाऊण मीटर,” मी म्हणालो. “तुमचे वीस सेंटिमीटर काँक्रीट, त्याखाली दहाचे साधे काँक्रीट आणि पंधराचा खडीचा थर, मिळून पंचेचाळीस. म्हणजे रस्ता आजच्यापेक्षा तीस सेंटिमीटर खाली बसेल. दोन पायऱ्या परत येतील.”

“तिसरी का नको?” शेजारच्या वहिनींनी मध्येच विचारले.

तिसरी नको, कारण त्याखाली घरोघरची नळजोडणी होती. ती हलवायची म्हणजे वेगळा खर्च, वेगळी परवानगी आणि आणखी एक पावसाळा. तडजोड पत्करली.

पोरगा समंजस निघाला. पण तो म्हणाला, “काका, यातून तेराशे-साडेतेराशे टन माल निघेल. डंपरच्या सव्वाशे-दीडशे फेऱ्या. एवढा टाकायचा कुठे?”

“टाकायचाच कशाला?” मी म्हणालो, आणि तिथून आमचा खरा वाद सुरू झाला.

वाद मिटवला तो ना त्याने, ना मी. कामावर एक मुकादम मावशी होत्या. पिढ्यान्‌पिढ्या दगडाचे काम करणाऱ्या वडार समाजातल्या. जेसीबीने पदपथाला हात लावायच्या आधी त्यांनी पहार मागून घेतली. प्रत्येक शहाबादी फरशी उचकटली की त्या तिच्यावर हातोडीचा दांडा टकटक वाजवत. खणखणीत आवाज आला की फरशी डावीकडे, बद्द आला की उजवीकडे. “साहेब, बद्द वाजली की आत तडा हाय. दिसत नाय, पण बोलती.” छत्तीस वर्षांच्या नोकरीत फरशीची इतकी स्वस्त आणि इतकी अचूक परीक्षा मी पाहिली नव्हती. दोन दिवसांत पावणेतीनशे फरश्या साबूत निघाल्या. जुन्या काळी त्या चुन्यात बसवलेल्या होत्या, म्हणून सुटल्या. जिथे मध्ये कधीतरी सिमेंट वापरले होते, तिथे फरशी आणि सिमेंट दोन्ही फुटून हाती आले. चुना सोडायला तयार असतो, सिमेंट नाही. हाही एक धडाच.

मावशींचे पाहून अभियंत्याने पाच ढीग करायला परवानगी दिली. फरशी, पेव्हर ब्लॉक, डांबरी ढेकळे, काँक्रीट आणि माती-मुरूम. चौकातले पेव्हर ब्लॉक दोन हजारांवर निघाले. पेव्हर ब्लॉकची गंमत अशी की तो उचलून पुन्हा बसवता यावा म्हणूनच जन्माला आला आहे. खाली रेतीची गादी, सांध्यात रेती, सिमेंटचा टिपूसही नाही. केबलसाठी खोदायचे असेल तर ब्लॉक काढा, काम करा, पुन्हा लावा. आणि आपण काय करतो? प्रत्येक खेपेला जुने फेकून नवे आणतो, तेही मागच्या वर्षीच्यापेक्षा वेगळ्या रंगाचे! आमचे दोन हजार ब्लॉक शेजारच्या शाळेत गेले. तिथे नळकोंडाळ्याभोवती बारमाही चिखल असे. आता मुले तिथे रांगेत उभी राहून बाटल्या भरतात.

डांबरी ढेकळे आणि जुनी खडी एका फिरत्या क्रशरमधून काढली आणि काँक्रीटखालच्या पंधरा सेंटिमीटरच्या थरात घातली. सुमारे तीनशे टन माल तिथेच जिरला. म्हणजे तीस डंपर जाताना वाचले आणि तीस येताना.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढची तितकी नाही. डांबरी थर एकूण नऊशे टनांच्या घरात होते. त्यातले उरलेले प्लांटमध्ये न्यावेत म्हणून मी बरीच खटपट केली. पण जवळच्या प्लांटमध्ये जुना माल मिसळण्याची सोयच नव्हती. शेवटी काही ढेकळे एका शेतरस्त्याच्या भरावात गेली. वाया गेली असे नाही, पण सोने मोडून त्याचा खिळा करण्यातलाच हा प्रकार. जुने काँक्रीट दळून खालच्या साध्या काँक्रीटमध्ये वापरा, असेही मी सुचवले. कागद दाखवले. “काका, उद्या चौकशी लागली तर मी कुठे जाऊ?” असे पोरगा म्हणाला, आणि त्याच्या वयाचा असताना मीही हेच म्हणालो असतो. आणि शेवटच्या आठवड्यात दोन-तीन डंपर रात्री कुठे गेले ते मला कुणी सांगितले नाही. मीही फार विचारले नाही. हेही कबूल करतो.

नियम आहेत, मग अडते कुठे?

त्या पोराला मी दाखवले ते कागद खोटे नव्हते. २०१५ साली इंडियन रोड्स काँग्रेसने डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापराची कार्यपद्धती छापली. २०१७ साली बांधकामाचा राडारोडा रस्त्यांत कसा वापरावा याची मार्गदर्शिका आली. खडीचे भारतीय मानक, आयएस ३८३, २०१६ साली सुधारले, तेव्हा त्यात जुन्या काँक्रीटपासून केलेल्या खडीला अधिकृत जागा मिळाली. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये ठरावीक प्रतीपर्यंत २० टक्के आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये चक्क शंभर टक्के. २०१६ सालीच केंद्राने राडारोड्याचे स्वतंत्र नियम केले. एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक माल निघत असेल तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-गिलावा असे चार ढीग वेगळे करायचे, असे त्यात सांगितले होते. आमच्या गल्लीचे काम दोन महिने चालले. महिन्याला साडेसहाशे टनांच्या पुढे! २०२५ साली केंद्राने त्यांच्या जागी नवे, अधिक कडक नियम अधिसूचित केले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरवली. दिल्लीत बुराडीला राडारोडा दळून त्यापासून खडी, वाळू आणि ब्लॉक करणारा कारखाना २००९ सालीच उभा राहिला. तेव्हा हे होत नाही, असे कुणी म्हणू नये.

मग अडते कुठे? माझ्या मते ते दरपत्रकातल्या एका ओळीत अडते. “जुना थर उखडून, वाहून नेऊन टाकणे, दर प्रति घनमीटर अमुक.” मी स्वतः अशा शेकडो ओळींवर सही केली आहे. या ओळीचा अर्थ असा की ठेकेदाराला पैसे टाकण्याचे मिळतात, राखण्याचे नाही. जो माल फेकल्यावर बिल निघते, तो माल कोण जपून ठेवील? कासाराने जर पातेले फेकायचे पैसे दिले असते, तर आपल्या आयांनीही पातेली फेकलीच असती. ती ओळ बदलून “जुना माल वेगळा काढून त्याची किंमत बिलातून वजा करणे” अशी लिहिली, तर निम्मे काम त्या एका ओळीने होईल. मोड वजा करा, एवढीच मागणी.

दुसरी अडचण मनातली आहे. जुना माल म्हटला की हलका माल, ही आपली समजूत. ती अगदीच निराधार नाही. जुना चुरा प्रमाणाबाहेर घातला तर रस्ता ठिसूळ होतो आणि लवकर तडकतो. जुन्या काँक्रीटच्या खडीला चिकटलेला गिलावा पाणी जास्त पितो, म्हणून तर वर सांगितलेल्या मर्यादा घातल्या आहेत. माती आणि प्लॅस्टिक मिसळलेला राडारोडा दळून कुणी ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. जुने ते सोने खरे, पण सोनारही आधी कसोटीवर घासतो. परीक्षा घ्या, मोजा, आणि मगच वापरा. परीक्षा न घेता फेकणे हा आळस, आणि परीक्षा न घेता वापरणे हा गुन्हा.

आणि सर्वांत चांगली मोड म्हणजे न मोडलेली वस्तू, हेही विसरू नये. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली दहा वर्षांच्या हमीवर तयार झाला. हमी संपल्यावरही तो कित्येक वर्षे खड्ड्यांवाचून राहिला आणि पुणेकरांच्या अभिमानाचा विषय झाला. जो रस्ता वर्षानुवर्षे उखडावाच लागत नाही, त्याच्या राडारोड्याचा प्रश्नच येत नाही.

रविवारच्या सकाळी एक काम

वाचक म्हणतील, रस्ते सरकारचे, दरपत्रके सरकारची, आम्ही काय करणार? पण रस्ता फक्त कुंपणाबाहेरच असतो असे नाही. दर उन्हाळ्यात किती सोसायट्यांच्या सभांत ‘आवारातली फरशी बदलणे’ हा विषय येतो! पाच मिनिटांत तो मंजूर होतो आणि चर्चा होते ती फक्त नव्या फरशीच्या रंगावर. पुढच्या सभेत तुम्ही उठून तीनच प्रश्न विचारा. पहिला: नवी फरशी जुनीच्या डोक्यावर बसणार की जुनी काढून तिच्या जागी? दुसरा: काढलेल्या मालातले साबूत काय निघेल आणि ते कुठे वापरले जाईल? तिसरा: उरलेला राडारोडा कुठे जाणार, आणि तिथे पोचल्याची पावती कोण आणणार? तिसऱ्या प्रश्नाला सभेत थोडी शांतता पसरेल. ती पसरू द्या.

गल्ली खोदायला घेतील तेव्हाही घरात बसून धुळीला शिव्या देण्यापेक्षा दाराशी उभे राहा. जमिनीपासून उंबऱ्यापर्यंतचे अंतर काम सुरू होण्याआधी मोजून भिंतीवर खूण करून ठेवा. ही खूण मी १९८६ साली केली असती, तर आईला ती करावी लागली नसती. ती दर डांबरीकरणानंतर दाराच्या चौकटीवर कोळशाने एक रेघ ओढत असे. घर झाडायला काढले तेव्हा मला त्या रेघा दिसल्या. मुलांची उंची मोजतात तशा, फक्त इथे मूल वाढत नव्हते, रस्ता वाढत होता.

आता आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. गेल्या पावसाळ्यात घरात पाणी आले नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दोन घरांत मात्र आले, कारण पुढचा मुख्य रस्ता अजून उंचच आहे आणि आमचे उतरलेले पाणी तिथे अडले. त्या घरांतले लोक माझ्याशी हल्ली जरा तुटकच बोलतात. त्यांचे बरोबर आहे. एक गल्ली खाली उतरवून भागत नाही. आता मुख्य रस्त्याचा अर्ज घेऊन मी हिंडतो आहे.

दुसरी पायरी डांबराखालून निघाली तेव्हा काळीकुट्ट होती. मुकादम मावशींनी ती छिन्नीने साफ करून दिली, आणि पैसे विचारले तर म्हणाल्या, “दगुड तुमचाच हाय की.” परवा नात तिच्यावर बसून पुस्तक वाचत होती. मधेच तिने विचारले, “आजोबा, अजून एक पायरी खाली आहे ना? ती कधी काढायची?”

या वेळी “तशी पद्धत नसते,” असे मी म्हणालो नाही.